पायगाडीची बखर

राजांच्या बखरी झाल्या, पेशव्यांच्या झाल्या, किल्ल्यांच्या आणि घराण्यांच्याही झाल्या. कोल्हापूरच्या मुलखात तर दर दोन कोसांवर एखादी गढी, एखादी सनद नाहीतर एखादी लढाई सापडायचीच, आणि तिच्यावर लिहिणाराही कोणी ना कोणी निघायचाच. पण ज्या वाहनाने आमच्या भागातल्या तीन पिढ्यांना बाजार दाखवला, शाळा दाखवली, पगाराचे दार दाखवले आणि क्वचित लग्नाची मुलगीही दाखवली, त्या सायकलीची बखर लिहावी असे कोणाला वाटले नाही. तिने कुठली लढाई मारली नाही, हे खरे. शिवाय ती इतकी रोजची की इतिहासाच्या पंगतीत तिला पाट मांडावा हे सुचणारच कसे? भिंतीला टेकून ठेवलेली वस्तू ती. तिच्याकडे लक्ष जाते ते ती जागेवर नसली म्हणजे.

हल्ली ती जागेवर नसते. म्हणूनच हा खटाटोप.

ज्या गावाच्या निमित्ताने हे लिहीत आहे ते हुपरी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातले. उत्तरेला पंचगंगा, दक्षिणेला दूधगंगा, मधे काळ्या रानाचा आणि उसाचा पट्टा, आणि कर्नाटकाची हद्द अगदी जवळ. गावाला आगगाडी नाही. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला तो हातकणंगल्यावरून गेला, हुपरी बाजूलाच राहिली. असे असूनही देशातल्या कितीतरी बायकांच्या पायांत हुपरीचे पैंजण वाजत असतात. चांदीचे हे गाव आडवाटेला असून इतके दूर कसे पोहोचले, याचे उत्तर कारागिराच्या बोटांत आहे, व्यापाऱ्याच्या फिरतीत आहे, आणि थोडेसे सायकलीच्या चाकांतही आहे. पण तिथे येण्याआधी मुळापासून सुरुवात करू.

सायकल मूळची आपली नव्हे. १८१७ साली कार्ल फॉन ड्राइस नावाच्या जर्मन गृहस्थाने दोन लाकडी चाके एकापुढे एक जोडली आणि त्यांच्यावर बसून जमिनीला पाय मारीत तो धावला. पायडल नाही, साखळी नाही. लोक हसले असतील तर नवल नाही. त्यानंतर कितीतरी प्रकार झाले. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे ताटलीएवढे, अशीही एक तऱ्हा निघाली, आणि तिच्यावरून पडून लोकांनी हातपाय मोडून घेतले. १८८५ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरी जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल पुढे आणली : दोन्ही चाके जवळपास सारखी, मागचे चाक साखळीने फिरणारे, आणि बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकावेत इतकी ठेंगणी. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून हवा भरलेली रबरी धाव बनवली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आज आपण ओळखतो ती सायकल जन्माला आली. तेव्हापासून तिच्या घडणीत मूलभूत असा बदल फारसा झालेला नाही. एखाद्या यंत्राने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपले रूप टिकवावे, ही साधी गोष्ट नाही.

आपल्याकडे तिला पहिल्यांदा नाव मिळाले ते ‘पायगाडी’. किती सरळ नाव! बैलगाडी बैलाने चालते, आगगाडी आगीने, तशी ही पायाने. पुस्तकी मराठीत ‘दुचाकी’ हा शब्दही आला. आता ‘दुचाकी’ म्हटले की पेट्रोल पिणारी गाडीच डोळ्यांपुढे येते आणि ‘पायगाडी’ शब्दकोशात जाऊन बसली. सायकलीजवळ आज तिचे मराठी नावही उरलेले नाही. पुढे जे सांगायचे आहे त्याची ही जणू नांदी.

डनलॉपने ज्या साली मुलाच्या गाडीला हवेची धाव बसवली त्याच १८८८ सालापासून आमच्या बाजूची गोष्ट सुरू होते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले की त्यांना काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकला सुटली, पण यांत्रिक रेखाटन हाती राहिले, आणि त्याच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. मुंबईत सायकल नावाची नवलाई नुकतीच दिसू लागली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकीत. या भावाभावांच्या दुकानाचे नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’, आणि त्या उद्योगाच्या स्थापनेचे साल म्हणून १८८८ हेच धरले जाते. पुढे १९०३ साली ज्यांनी लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, त्यांचा धंदा सुरू झाला तो सायकलीच्या दुकानापासून. बेळगावच्या बाजारात आजही किर्लोस्कर रोड आहे.

या दुकानात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. सायकल विकली की काम संपले, असे तिथे चालणारच नव्हते. घेणाऱ्याला ती चालवता येत नसे. म्हणून शिकवावी लागे. बिघडली तर गावात दुरुस्त करणारा कोणी नाही, म्हणून दुरुस्तीही करावी लागे. नवी वस्तू समाजात रुजवायची तर तिच्यामागे शिकवणारा आणि नीट करून देणारा असे दोन माणसे उभी हवीत, हा धडा लक्ष्मणरावांनी सायकलीवर गिरवला. नांगराच्या वेळी तो कामी आला. लोखंडाने जमीन नासते असे म्हणून शेतकरी नांगराला हात लावीत नव्हते, तेव्हाही पुन्हा तेच करावे लागले : जाऊन दाखवायचे, समजावायचे, वाट पाहायची. प्रचार हा शब्द आपण सभा आणि पत्रके यांच्यासाठी राखून ठेवला आहे. पण सीटच्या मागे धरून शिकाऊ माणसाबरोबर धावणारा जो असतो, सायकलीचा खरा प्रचारक तोच.

या नव्या गाडीने आपल्या लोकांच्या मनात केवढी उमेद भरली, त्याचा एक दाखला मुंबईचा आहे. १९२३ सालच्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा फेरा पुरा करून १९२८ च्या मार्चात परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर! त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. तथापि मला नेहमी वाटते की रोज सहा कोस जाणारा आणि सहा कोस येणारा आमच्याकडचा एखादा माग कामगार किंवा दूधवाला आयुष्यभरात याच्या कितीतरी पट फिरला असेल. दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर धरा, वर्षाचे तीनशे दिवस धरा. सात वर्षांत त्याचा पृथ्वीप्रदक्षिणेचा हिशेब पुरा होतो. फरक इतकाच की तो रोज संध्याकाळी घरी येई, त्यामुळे त्याचे कोणी पुस्तक केले नाही.

आता हुपरीकडे वळू. चांदीचा धंदा इथे विसाव्या शतकाच्या आरंभी रुजला आणि हळूहळू आजूबाजूच्या गावांत पसरला : रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली, इंगळी, तळंदगे, आणि हद्दीपलीकडचे मांगूर. या धंद्याची रीत समजून घेतली म्हणजे त्यात सायकलीची जागा कोणती ते आपोआप कळते. पैंजणाची जोडी एका छपराखाली सुरू होऊन तिथेच संपते, असे क्वचितच होते. एका ठिकाणी चांदी आटवायची आणि तिची पट्टी करायची. दुसरीकडे तार ओढायची. कोणी कड्या वळायच्या, कोणी घुंगरू करायचे, कोणी डाख देऊन ते जोडायचे, आणि शेवटी कोणी उजळा द्यायचा. घरातली सोप्याची जागा हाच कारखाना, आणि घरातली माणसे हेच कामगार. त्यांत बायकांचे हात मोठे. म्हणजे असे की चांदी सतत फिरती हवी. या घरातून त्या घरात, या गावातून त्या गावात. मोठ्या कारखान्यात माल पट्ट्यावरून सरकतो. हुपरीच्या कारखान्याचा पट्टा म्हणजे गावागावांमधले रस्ते, आणि त्यावरून माल सरकवणारी ती सायकल.

पायी माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. सायकलीवर तेवढ्याच दमात बारा-पंधरा जातो. कागदावर हा आकडा लहान दिसतो. पण शेजारच्या गावी माल टाकून यायला ज्याचा अर्धा दिवस मोडत होता त्याचे काम तासाभरात होऊ लागले, म्हणजे उरलेले तास त्याच्या एरणीला मिळाले. बैलगाडी ठेवायची तर बैलाला वैरण हवी, गोठा हवा, आणि मुळात पदरी शेत हवे. घोडे तर इनामदाराचे. भूमिहीन माणसाला स्वतःच्या मालकीचे असे पहिले वाहन मिळाले ते सायकल. ती उभी असताना खात नाही. आणखी एक सोय म्हणजे हँडलला लटकणाऱ्या कापडी पिशवीत भाकरी आहे की चांदी, हे वाटेवरच्याला कळत नसे. जोखमीचा माल गरिबाच्या वेषात जाई.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि मांगूरही त्याच्याबरोबर गेले. नकाशावर रेघ पडली; त्या रेघेसाठी पुढे किती आंदोलने झाली, किती माणसांनी हौतात्म्य पत्करले, ते या भागाला सांगायला नको. पण चांदीचे काम घेऊन सकाळी हुपरीहून मांगूरला जाणाऱ्याच्या पायडलला त्या रेघेची ठेच लागली नाही. तो जसा जात होता तसाच जात राहिला.

हुपरीच्या उत्तरेला, पंचगंगेपलीकडे, इचलकरंजी आहे. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि बघता बघता ते मागांचे शहर झाले. आसपासच्या खेड्यांतली पोरे मागावर जाऊ लागली. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडे. दांडीला डबा, खांद्यावर टॉवेल, केसांत कापसाचे तंतू. दूधवाल्यांच्या सायकलींना दोन्ही बाजूंनी किटल्या, आणि त्यांच्या झाकणांचा आवाज ओळखून बायका पातेले घेऊन दारात येत. १९६३ साली कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी दूध संघ स्थापन झाला, त्यानंतर दूध टेंपोने जाऊ लागले. तरी वस्तीवरून डेअरीपर्यंतची किटली कितीतरी वर्षे सायकलीवरच होती. पोस्टमन सायकलीवर, पाववाला सायकलीवर, आणि बदली होऊन आलेला मास्तरही सायकलीवर. खेड्यातल्या शाळेला मास्तर मिळाला याचे श्रेय पुष्कळदा सरकारी हुकमापेक्षा त्याच्या सायकलीला द्यावे लागेल.

रस्त्यांची मात्र कथा वेगळी. देशातल्या मुख्य इंजिनिअरांची परिषद १९४३ साली नागपुरास भरली आणि तिने राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग अशी रस्त्यांची उतरंड ठरवली. या उतरंडीतले सगळ्यात खालचे मडके आमच्या वाट्याला. काळ्या रानातली वाट म्हणजे उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात लोणी. चिखल मडगार्डमध्ये असा गच्च बसे की चाक फिरेना. म्हणून लोक एक काडी बरोबर ठेवीत आणि दर शंभर पावलांवर उतरून चिखल उकरीत. त्यानेही भागले नाही की सायकल उचलून खांद्यावर. कधी माणूस सायकलीवर तर कधी सायकल माणसावर, असा हा बरोबरीचा संसार. नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे होते. ते बांधले पाणी अडवायला, पण त्यांच्या माथ्यावरची अरुंद वाट सायकलवाल्यांनी आपलीशी केली. पाऊस लागला की बरगे काढायचे, बंधारा पाण्याखाली जायचा, आणि चार महिने अलीकडचा माणूस अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. किंवा मग लांबच्या पुलावरून वळसा.

सरकारचेही सायकलीकडे लक्ष होते, ते मुख्यतः कर आणि दंड यांपुरते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतींना जे कर बसवण्याची मुभा दिली त्यांत सायकलींवरचा करही होता. कर भरला की बिल्ला मिळे, तो सायकलीला अडकवायचा. रात्री बत्ती हवी आणि पुढे दुसरा माणूस बसवायचा नाही, हे पोलिसांचे दोन नियम. आणि ते मोडण्याचे जनतेचे दोनशे उपाय. लांबून टोपी दिसली की पुढचा टुणकन उतरे आणि दोघे सायकल हातात धरून, हवापाण्याच्या गप्पा मारीत, साळसूदपणे पोलिसासमोरून चालत जात. सायकल चालवायला बत्ती लागते, ढकलायला लागत नाही! रॉकेलची बत्ती खड्ड्यात विझे. पुढे डायनामो आला. तो चाकाला लावला की पायडल जड होई आणि उजेड मात्र वेगावर. चढावर जेव्हा उजेडाची खरी गरज तेव्हाच तो मिणमिणता.

सायकलीच्या दुकानाशिवाय ही बखर अपुरी राहील. प्रत्येक गावात एस.टी.च्या थांब्याजवळ नाहीतर शाळेच्या वाटेवर एक खोकेवजा दुकान असे. बाहेर हवा भरायचा पंप, आत टांगलेले टायर, जमिनीवर पाण्याने भरलेली घमेली. ट्यूब पाण्यात बुडवून पिळत जायचे. बुडबुडा आला की तिथे पेन्सिलीची खूण, मग कानशीने घासणे, सोल्यूशन लावणे, फुंकर घालून वाळवणे, आणि ठिगळ बसवून हातोडीचा हलका ठोका. बघायला चार पोरे नेहमी उभी. पदार्थविज्ञानाचा हा वर्ग फुकट होता. रिमचा आउट काढणे हे त्याहून वरच्या इयत्तेचे काम. चाक फिरवून, एका डोळ्याने बघत, एकेक तार आवळत-सैल करत मिस्त्री ते असे सरळ आणी की सोनाराने तार ओढावी. हुपरीत सोनाराच्या नजरेला तोटा नाही, त्यामुळे मिस्त्रीलाही तोलूनमापूनच काम करावे लागे.

याच दुकानात सायकल तासाच्या भाड्याने मिळे. वहीत नाव आणि वेळ लिहिली की ती आपली. गावातल्या बहुतेकांचे शिक्षण असल्या भाड्याच्या सायकलीवर झाले. पहिला धडा नुसती हातात धरून फिरवण्याचा. दुसरा एका पायडलवर पाय ठेवून लंगडी घालण्याचा. तिसरा, सीटवर बसून पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय पलीकडे घालून, अंगाचा धनुष्य करून अर्धे अर्धे पायडल मारण्याचा. मग दांडीवर, आणि ज्या दिवशी सीटवर बसून बोटे पायडलला टेकली त्या दिवशी पोरगा मोठा झाला असे समजायचे. गुडघ्यांवरच्या खुणा हेच त्याचे प्रशस्तिपत्रक. मागून धरून धावणारा थोरला भाऊ हात केव्हा सोडी ते कळत नसे; कळले की लगेच पडायचे.

देशी सायकलही याच काळात आली. आधी इंग्लंडहून आलेल्या गाड्या होत्या, आणि ‘रॅले’ म्हणजे सायकलींतले घराणे. स्वातंत्र्याच्या आसपास आपले कारखाने उभे राहू लागले : मुंबईत हिंद सायकल, बंगालात आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासकडे टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनपतला अ‍ॅटलास, आणि १९५६ साली लुधियानाला मुंजाळ बंधूंची हीरो. जगात सर्वांत अधिक सायकली करणारा कारखाना म्हणून १९८६ साली हीरोची नोंद झाली. ड्राइसच्या लाकडी खेळण्याचा असा प्रवास पंजाबातल्या लोहारकामापर्यंत आला.

आता बखरकाराने फक्त गुण गाऊ नयेत. सायकलीच्या नावावर एक खाते अप्रियही आहे. तिची प्रतिष्ठा वाढली तशी ती हुंड्याच्या यादीत जाऊन बसली. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही त्रिमूर्ती वरपक्ष मागू लागला; १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला तरी मागणे थांबले नाही, त्याला फक्त ‘हौस’ हे नाव मिळाले. वधूपित्याने कर्ज काढून दिलेल्या त्या सायकलीवर जावई ऐटीत बसे आणि जिच्यामुळे ती घरात आली ती मागून डोक्यावर पाटी घेऊन चालत येई. उंच दांडी, नऊवारी लुगडे आणि लोकांचे डोळे, या तिन्ही गोष्टी तिच्या आड होत्या. पैकी दांडीला उपाय सोपा होता, दांडी नसलेली सायकल केव्हाच निघाली होती. लुगड्याचाही मार्ग निघाला असता. डोळ्यांचे काय करणार? अमेरिकेत सुसान अँथनी या कार्यकर्तीने १८९६ सालीच म्हटले होते की स्त्रियांना मोकळे करण्याचे काम सायकलीने केले तितके दुसऱ्या कशानेच केले नाही. ते आमच्या गावांच्या कानी पडायला पुढे दोन-तीन पिढ्या गेल्या.

हे डोळे बदलता येतात याचा पुरावा मात्र आपल्याच देशात आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालू होती. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी ओळखले की बाईला अक्षर आले पण तिला कुठे जाता येईना तर ते अक्षर घरातच मरते. त्यांनी सायकल शिकणे हा मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या बाया, अंगणवाडीतल्या सेविका, अशा हजारोंनी सायकल शिकून घेतली. लोकांनी आधी टोमणे मारले. मग पाण्याची घागर आणि मागे बसलेले मूल घेऊन बाई सायकलीवरून जाऊ लागली तेव्हा टोमणे आपोआप आटले. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तिसाव्या हिश्शाने नव्हे, शेकडा तीसने वाढली असे अभ्यासकांनी मोजून दाखवले. शाळा तीच, मास्तर तेच, पुस्तके तीच. मधल्या चार-पाच किलोमीटरांनी मुलींना अडवून धरले होते.

आणि नेमक्या याच काळात, जेव्हा सायकल घरातल्या उरलेल्या अर्ध्या माणसांच्या हाती यायची, तेव्हा तिला गावाबाहेरची वाट दाखवली गेली. १९७२ साली पुण्याहून लूना आली, नंतर एम-एटी, मग चार-पाच जणांना हप्त्यावर मिळणारी मोटारसायकल. दूधवाल्याची किटली तिकडे गेली, चांदीची पिशवीही गेली. यात चुकीचे काही नाही. ज्याने तीस वर्षे चढावर छाती फोडून पायडल मारले त्याच्या गुडघ्यांनी इंजिनाची इच्छा धरली तर त्याला नावे कोणी ठेवावीत? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शेकडा ४४.८ घरांत सायकल होती आणि शेकडा २१ घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर; पण दहा वर्षांत सायकलीचा आकडा जेमतेम एका टक्क्याने वाढला होता आणि इंजिनाचा जवळजवळ दुप्पट झाला होता. वाईट झाले ते इतकेच की सायकल मागे पडली तशी ती गरिबीची खूण ठरली. चालवता येत असून, अंतर दहा मिनिटांचे असून, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून माणूस गाडीला किक मारू लागला. ज्या डोळ्यांनी पूर्वी बाईला अडवले तेच आता पुरुषालाही अडवू लागले.

२०२० सालच्या टाळेबंदीत सायकलीचे खरे मोल पुन्हा एकदा उघडे पडले. एस.टी. बंद, आगगाडी बंद. शहरांतून हजारो मजूर सायकलींवर बिऱ्हाड बांधून शेकडो किलोमीटर घरी निघाले. एक पंधरा वर्षांची मुलगी जखमी वडिलांना मागे बसवून हरियाणातल्या गुरुग्रामहून बिहारातल्या दरभंग्यापर्यंत, सुमारे १,२०० किलोमीटर गेली. ही मे महिन्यातली गोष्ट. पुढच्याच महिन्यात, ३ जूनला, अ‍ॅटलास कंपनीने आपल्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम थांबवल्याची नोटीस लावली. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली जो दिवस ‘जागतिक सायकल दिन’ म्हणून ठरवला तो नेमका हाच. योगायोगांवर विश्वास ठेवू नये म्हणतात, पण काही योगायोग विसरूही नयेत.

तेव्हा आता करायचे काय? मोठ्या शहरांत सायकलीसाठी आराखडे होतात, स्वतंत्र मार्ग आखले जातात, त्यांची चर्चा होते. हुपरीसारख्या गावाला इतके काही लागत नाही, हेच तर अशा गावाचे भाग्य. शाळा, बाजार, दवाखाना, देऊळ, पतपेढी यांपैकी काहीही सायकलीने पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडे नाही. शेजारची गावेही पल्ल्यातली. लागते ते थोडे आणि साधे. डांबराच्या कडेची साइडपट्टी मुरूम घालून भरलेली असावी, म्हणजे मोठी गाडी आली की सायकलवाल्याला वीतभर खाली कोसळावे लागणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरमागच्या दोन दोन ट्रॉल्यांना मागून लाल चकचकीत पट्ट्या असाव्यात. संध्याकाळच्या शिकवणीहून परतणाऱ्या पोराला पुढची ट्रॉली अंधारात दिसणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. शाळेत सायकली ठेवायला छप्पर असावे. एवढे मागायला मोठी चळवळ लागत नाही. ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत चार पालकांनी उभे राहून, पुन्हा पुन्हा, सांगितले तरी पुरे. पुन्हा पुन्हा हे महत्त्वाचे. नांगर विकणाऱ्याइतकी चिकाटी हवी.

उरलेले काम घरातले आहे. माळ्यावर किंवा गोठ्यात जुनी सायकल बहुतेक घरांत अजून सापडते. ट्यूब कुजली असेल, साखळीला गंज चढला असेल, सीटचे चामडे उंदरांनी खाल्ले असेल. दिवाळीच्या सुट्टीत ती खाली काढावी. ट्यूब अजून मिळते, आणि आउट काढणारा एखादा म्हातारा मिस्त्रीही शोधला तर सापडतो. त्याला दोन पैसे जास्त द्यावेत आणि पोरांना शेजारी बसवून त्याचे काम पाहू द्यावे. मग भाऊबीजेला बहिणीला पैंजण घालाल तेव्हा तिला सायकल येते का तेही विचारा. येत नसेल तर सीटच्या मागे धरा, तिच्याबरोबर धावा, आणि हात केव्हा सोडायचा ते मात्र तिला सांगू नका.